मोडलेली माळ



चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभे राहून मी दारूची निंदा केली. अक्कलकुवा, मोलगी, तळोदा, जिथे सप्ताह तिथे काल्यानंतर माळ घालण्याचा कार्यक्रम ठरलेला. बायाबापड्या नवऱ्याला दंडाला धरून आणत. मी विठोबाची शपथ देई, गळ्यात तुळशीची माळ घाली आणि दुसऱ्या गावाला निघून जाई. त्यातल्या किती माळा आषाढीपर्यंत टिकल्या, हे मी कधी विचारले नाही.

एका माळेचे मात्र ठाऊक आहे. आमच्या दिंडीत एक पखवाजी होता. नाव सांगत नाही. दोन वर्षे त्याने थेंब घेतला नव्हता. होळीला भाऊबंदांत बसला आणि घेतली. आमच्या डोंगरात मोहाची पहिली धार देवाला वाहतात, मग माणसांत फिरते. त्या बैठकीत नाही म्हणणे म्हणजे भावकीचा अपमान. दुसऱ्या दिवशी काकड्याला आला तो वास घेऊनच. मी भर मंडपात त्याची माळ उतरवली. लोकांनी माझ्या करारीपणाचे कौतुक केले. तो पुन्हा दिंडीत आला नाही, आणि पाच वर्षांत दारूनेच गेला.

तेव्हापासून प्रश्न मनात आहे. माळ मोडणाऱ्याला फडात बसू द्यावे की नाही? पूर्वपक्ष सोपा आहे: मोडणाऱ्यालाही जागा दिली तर पाळणाऱ्याची किंमत काय राहिली? पोरेसोरे पाहतात, उद्या तीही म्हणतील, घेतली तर काय बिघडले. हे म्हणणे मी वर्षानुवर्षे मांडले आहे आणि ते फोल आहे असे आजही म्हणणार नाही.

गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात मुलीकडे होतो. शेजारच्या गृहस्थांनी मला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या, खुल्या सभेला नेले. खुल्या सभेला न पिणाराही बसू शकतो. शाळेचा एक वर्ग, बाकडी, कोपऱ्यात चहा. वर्गणीची सक्ती नाही, जातपात नाही; दारू सोडायची इच्छा एवढीच अट. एकेक जण उठे, नुसते पहिले नाव सांगे आणि आपलीच कथा बोले. उपदेश कुणीच करीना. (उपदेशावर जन्म काढलेल्या माणसाची तिथे काय अवस्था झाली असेल, ते समजून घ्या.) एक जण उठून म्हणाला, "नऊ महिने झाले होते. परवा घेतली. आज माझा पहिला दिवस." आता कोण झाडतो, म्हणून मी पाहू लागलो, तर टाळ्या वाजल्या. शेजारच्याने सरकून त्याला जागा दिली. तरी नऊ महिने कुणी धरले नाहीत, मोजणी पहिल्यापासून. म्हणजे नियम माझ्यापेक्षा सैल नव्हता. फक्त त्यासाठी कुणाला मंडपाबाहेर काढावे लागले नव्हते.

या मंडळींचा आरंभही असाच आहे. 1935 साली बिल विल्सन नावाचा अमेरिकी गृहस्थ धंद्याच्या कामाने अ‍ॅक्रन गावी गेला. काम फिसकटले आणि हॉटेलात दारूची तल्लफ आली. तेव्हा त्याने शोध घेतला तो आपल्यासारख्याच एखाद्या पिणाऱ्याचा, ज्याच्याशी बोलता येईल. भेटले डॉक्टर बॉब स्मिथ. त्या भेटीनंतरही डॉक्टर एकदा घसरले. बिलने त्यांना सोडले नाही. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस 10 जून 1935, आणि तोच संस्थेचा स्थापना दिवस मानतात.

आपल्याकडे हे अगदी नवे आहे असेही नाही. शेजारच्या तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे संत गुलाम महाराज 1938 च्या सुमारास आदिवासी बांधवांना दारू सोडायला सांगत, ते आरतीला एकत्र बोलावून. माणसे तिथे एकमेकांना 'आप' म्हणत. लहानपणी म्हाताऱ्यांकडून ऐकले होते, पण माळा घालताना मला त्यांच्यातले शपथ तेवढी दिसली, जमणे दिसले नाही.

दिवाळीनंतर एक बाई नवऱ्याला घेऊन आली. "महाराज, माळ घाला याला." मी घातली नाही. आधी त्याला सरकारी दवाखान्यात नेले. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर हातपाय थरथरतात, भास होतात, आकडी येते, जीवही जाऊ शकतो. पूर्वी असे कुणाला झाले की मी बाहेरची बाधा समजून अंगारा लावीत असे. देव मला क्षमा करो.

मग सभेचा शोध. दर आठवड्याला नंदुरबारची खेप मजुरी करणाऱ्याला झेपेना. पुण्याच्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, दोन माणसे जमली तरी समूह होतो. दुसरा मिळाला तो आमच्याच टाळकऱ्यांत. सहा वर्षे तो चोरून पीत होता, आणि माझ्या भीतीने बोलला नव्हता.

आता दर गुरुवारी हरिपाठानंतर दोघे मंदिराच्या ओसरीवर बसतात. ती बैठक फक्त पिणाऱ्यांची, म्हणून मी बाहेर पायरीवर असतो. मागच्या गुरुवारी बाईचा नवरा आलाच नाही. टाळकरी बराच वेळ एकटा बसला, मग उठून त्याच्या पाड्याकडे चालत गेला. नऊ वाजून गेले तेव्हा दोघे आले. एकाच्या तोंडाला वास येत होता. मी पायरीवरून सरकलो आणि घरात चहा टाकायला सांगितला.