सही कोणाची? : व्हिक्टोरियन गॉथिक कादंबरी आणि सभ्य माणसाची जबाबदारी

गॉथिक कादंबरीवरील नैतिक आक्षेप जुना आहे. ही कादंबरी दुष्टतेला एक चेहरा देते, शेवटी तो चेहरा नष्ट करते आणि वाचकाला आपल्या निर्दोषत्वाविषयी निःशंक करून सोडते, असे या आक्षेपाचे स्वरूप आहे. हॉरेस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ (१७६४) किंवा अ‍ॅन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ (१७९४) या कादंबऱ्यांपुरते त्यात तथ्यही आहे. इटलीतील गढी, तिचा जुलमी धनी आणि कॅथलिक परिसर यांच्या योजनेमुळे इंग्लिश प्रॉटेस्टंट वाचकापासून दुष्टता स्थळाने, काळाने आणि धर्माने दूर राहत होती. व्हिक्टोरियन काळात (१८३७-१९०१) हे भय गढी सोडून इंग्लंडमधील घरात शिरले, हे समीक्षेने वारंवार नोंदवले आहे. पण ते कोणत्या वाटेने शिरले, हा प्रश्न मात्र पुरेसा विचारला गेलेला नाही. या काळातील महत्त्वाच्या गॉथिक कृती त्याचे जे उत्तर सुचवतात, ते अस्वस्थ करणारे आहे. भय भुयारातून नव्हे, तर कागदपत्रांतून आले. आणि त्या कागदांवर सभ्य माणसांच्या सह्या होत्या.

हा काळच दस्तऐवजांचा होता. १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८५५ च्या कायद्याने कंपनीच्या कर्जासंबंधी भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागांपुरती मर्यादित करण्याची सोय झाली. वकील, बँका, दलाल यांच्यावाचून मध्यमवर्गाचे व्यवहार चालेनासे झाले. माणूस कोण आहे आणि तो कशाला बांधलेला आहे, हे गावाच्या ओळखीपेक्षा कागद ठरवू लागला. या बदलाने मालमत्ता सुरक्षित झाली. परंतु कृत्य आणि कर्ता यांच्यातील अंतरही वाढले. एखाद्याचा सर्वनाश करण्यासाठी त्याच्या समोर उभे राहण्याची गरज उरली नाही.

विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ (१८५९-६०) या अंतराचीच कथा आहे. लॉरा फेअरली हिला वेड्यांच्या इस्पितळात दुसऱ्या स्त्रीच्या नावाने कोंडले जाते आणि ती दुसरी स्त्री लॉराच्या नावाने पुरली जाते. सर पर्सिव्हल ग्लाइड आणि काउंट फॉस्को हे या कटाचे उघड खलपुरुष. पण कटाला प्रयोजन मिळते ते आधीच झालेल्या एका विवाहकरारातून. लॉरा निपुत्रिक वारल्यास तिचे वीस हजार पौंड पतीला मिळावेत, असे कलम त्यात आहे. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेसंबंधीचे १८७० आणि १८८२ चे कायदे अजून व्हायचे होते, हे खरे. तरीही करारनाम्याद्वारे वधूचे हित राखण्याची वाट त्या काळीही खुली होती. लॉराचे वकील गिलमोर नेमका तोच आग्रह धरतात. पालक असलेले काका, फ्रेडरिक फेअरली, केवळ त्रास नको म्हणून नकार देतात. मग गिलमोर स्वतःच तो करारनामा तयार करतात आणि आपण नाही केला तर दुसरा कोणी करीलच, असे स्वतःला समजावतात.

कादंबरीतील खरे नैतिक भय येथे आहे. ग्लाइड पुढे चर्चच्या दप्तराच्या खोलीत, स्वतःच खोट्या केलेल्या विवाहनोंदीपायी लागलेल्या आगीत जळून मरतो. ही शिक्षा गॉथिक संकेताला धरून आहे. काकांच्या आळसाला आणि वकिलाच्या सबबीला मात्र कोणतीही आग लागत नाही. खलपुरुष गेला तरी त्याला शक्य करणारी माणसे जागच्या जागी, सभ्य आणि सुरक्षित उरतात.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) मध्ये हेच सूत्र अधिक विस्तारते. फ्रँको मोरेत्ती यांनी ड्रॅक्युलाला मक्तेदारी भांडवलाचे रूप मानले. हे वाचन प्रभावी आहे. परंतु सारे लक्ष पिशाचावर केंद्रित केल्याने त्याच्यासमोर बसलेला जोनाथन हार्कर नजरेआड होतो. हार्कर ट्रान्सिल्व्हेनियात जातो तो सॉलिसिटरचा प्रतिनिधी म्हणून, पर्फ्लीट येथील मालमत्तेच्या खरेदीचे कागद पुरे करण्यासाठी. काउंट त्याला विचारतो, की इंग्लंडमध्ये एकाच माणसाला अनेक सॉलिसिटर नेमता येतात का? येतात, असे उत्तर मिळते. पुढे मातीच्या पन्नास पेट्या इंग्लंडमध्ये उतरतात, वाहतूकदार त्या पोचवतात, पावत्या होतात. प्रत्येक जण आपले काम चोख करतो आणि कोणालाच संपूर्ण काम दिसत नाही. श्रमविभागणीबरोबर जबाबदारीचीही विभागणी होते आणि वाटता वाटता ती नाहीशी होते.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. दोष अशा प्रकारे व्यवस्थेवर ढकलला, तर व्यक्तीची जबाबदारीच विरघळून जाणार नाही काय? सारेच दोषी म्हणजे कोणीच दोषी नाही, ही पळवाट गॉथिक कादंबरीच्या खलपुरुषाइतकीच सोयीची आहे. या आक्षेपाचे उत्तर काळाच्या दृष्टीने मधल्या, पण प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत पुढे गेलेल्या कृतीत सापडते. ती म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड’ यांची कथा (१८८६).

हाइड एका लहान मुलीला तुडवून जातो. भरपाई म्हणून शंभर पौंड दिले जातात. थोडे सोन्याच्या नाण्यांत आणि उरलेले चेकने. चेकवरील सही एका प्रतिष्ठित गृहस्थाची असते आणि ती खरी ठरते. पुढे खुनानंतर हाइडच्या म्हणून पुढे आलेल्या पत्राचे हस्ताक्षर जेकिलच्या हस्ताक्षराशी जुळते. ते केवळ उलट्या बाजूला झुकवलेले आहे. जेकिलने खुन्यासाठी बनावट पत्र लिहिले, असे समजून वकील अटरसन हादरतो आणि ते पत्र तिजोरीत बंद करतो. मित्राच्या अब्रूसाठी केलेली ही कृती अटरसनच्या सभ्यतेचा पुरावा आहे, आणि तिच्या अपराधाचाही.

कबुलीजबाबात जेकिल ‘मी’ म्हणत आरंभ करतो. परंतु हाइडविषयी लिहिताना तो ‘तो’वर येऊन थांबतो, ‘मी’ म्हणणे त्याला अशक्य होते. व्याकरणातील हा पुरुषबदल म्हणजे जबाबदारी नाकारण्याचा अखेरचा प्रयत्न होय. तो फसतो, कारण चेहरा, उंची, आवाज सारे पालटले तरी हाइडच्या हाताला जेकिलचे अक्षर येतच राहते. औषधाने देह बदलतो, हात लिहितो तसाच. वर उपस्थित केलेल्या आक्षेपाचे उत्तर या तपशिलात आहे. व्यवस्था स्वतः काहीही करीत नाही. तिला प्रत्येक वेळी कोणाचा तरी हात लागतो. सहीमुळे कृत्य दूरवर जाते हे खरे, पण कृत्याला कर्त्याशी बांधून ठेवणारी खूणही तीच असते. काका, वकील, कारकून यांच्यापैकी प्रत्येकाचा वाटा वेगळा आणि कमीजास्त असेल. शून्य मात्र कोणाचाच नाही.

या दृष्टीने पाहता, व्हिक्टोरियन गॉथिक कादंबरीत आरंभीच्या आक्षेपाला पुष्टी देणारे शेवट आहेतच. खलपुरुष जळतो, पिशाच धूळ होते. परंतु या शेवटांच्या मागे करारनामा, पावत्या आणि तिजोरीत ठेवलेले पत्र न जळता शिल्लक राहते. वाचकाचे निर्दोषत्व टिकते ते हे कागद न वाचल्यामुळेच.