नागाची उंची, आईची योग्यता

शिराळ्याच्या नागपंचमीची जी कथा त्या गावी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तिच्या केंद्रस्थानी एक गृहिणी आहे. गोरक्षनाथ महाजनांच्या दारी भिक्षेस आले असता मातीच्या नागाच्या पूजेत गुंतलेल्या त्या बाईस भिक्षा वाढण्यास विलंब झाला, आणि विलंबाचे कारण कळल्यावर नाथांनी, जिवंत नाग पुजशील का, असे तिला विचारले. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नागाच्या पूजेची वहिवाट पडली, अशी श्रद्धा आहे. या कथेचा उत्तरार्ध मात्र कोणी सांगत नाही. ज्या नागास भाऊ मानून घरोघरच्या लेकीसुना आदल्या दिवशी उपवास धरीत आल्या, पुढे त्याच नागाच्या स्पर्धा भरू लागल्या. कोणत्या मंडळाचा नाग अधिक लांब, कोणाचा फणा अधिक उंच, याचा फैसला होऊन बक्षिसे वाटली जाऊ लागली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या आधारे उच्च न्यायालयाने नाग पकडण्यास मनाई केली, ती त्या मुक्या जिवाच्या क्लेशांकडे पाहून, आणि ती योग्यच होती. परंतु त्या क्लेशांच्या आधीच स्पर्धेच्या मैदानात एक हानी होऊन गेलेली होती: ज्याच्यापुढे हात जोडायचे, त्यालाच पट्टीने मोजले जात होते.

या गोष्टीचे स्मरण होण्याचे कारण म्हणजे आजच्या तरुण मातांची अवस्था. शिराळ्याच्या मोरणा नदीकाठच्या एखाद्या घरात, मध्यरात्री तान्ह्याला पाजता पाजता, जागे राहण्यासाठी म्हणून जी आई हाती मोबाईल घेते, तिच्यासमोर दुसऱ्या कोणाच्या बारशाची आरास, तिसऱ्या कोणाच्या बाळाचे उष्टावण, दर महिन्याला साजरा होणारा वाढदिवस आणि बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात पूर्ववत झालेली कोणाची तरी काया, अशी चित्रे एकामागून एक सरकत राहतात. आणि आपले दूध पुरत नाही, आपली प्रसूती सिझेरियनने झाली, आपले मूल अजून पालथे पडत नाही, या साध्या घटना तिला आपल्याच कसुरीचे दाखले वाटू लागतात.

तुलना काही मोबाईलने जन्मास घातलेली नाही. ती पाणवठ्यावर होती, हळदीकुंकवाच्या बैठकीतही होती. परंतु हळदीकुंकवाला गेलेल्या बाईस त्या घराची ओल आलेली भिंत दिसे, आतल्या खोलीत किरकिरणारे पोर ऐकू येई, सासूचा चढलेला आवाज कानी पडे. दुसरीचे वैभव आणि दुसरीची विवंचना यांची साक्ष एकाच वेळी मिळे. आता निवडलेला क्षण तेवढा हाती येतो. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये असे प्रतिपादिले की, जेथे स्वतःस अजमावण्यास वस्तुनिष्ठ माप उपलब्ध नसते, तेथे मनुष्य आपल्यासारख्याच इतरांशी स्वतःस ताडून पाहतो. आईपण चांगले की वाईट, याचे माप कोणत्या दप्तरात आहे? म्हणूनच माता तुलनेच्या या व्याधीस सर्वांआधी बळी पडतात, आणि त्याबद्दल त्यांस दुबळ्या मनाच्या ठरविणे हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

अशा मातेस आपण प्रेमाने सांगतो, ‘अगं, तू कुणापेक्षा कमी नाहीस.’ सांगणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. पण तराजू जागच्या जागी राहतो, केवळ पारडे समतोल केल्याचे आश्वासन मिळते, आणि उद्या नवे चित्र आले की ते पारडे पुन्हा कलते. बौद्ध विचारवंतांनी ‘मान’ नामक बंधनाचे जे विश्लेषण केले आहे, त्याची सूक्ष्मता मला येथेच जाणवते: मी श्रेष्ठ आहे, हा तर मान आहेच, मी हीन आहे, हाही मान आहे, आणि मी बरोबरीचा आहे, हादेखील मानच आहे. तिन्हींत ‘मी’ला दुसऱ्याच्या शेजारी उभे करूनच पाहिले जाते. पतंजलींनी चित्ताच्या प्रसन्नतेसाठी सुखी जनांविषयी मैत्रीची भावना सांगितली, तिचाही रोख, माझ्या समजुतीप्रमाणे, हाच आहे; मैत्रिणीच्या सुखाकडे आपण तिच्या सुखासाठी पाहतो, त्यात आपला हिशेब नसतो.

डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालवैद्याने 1953 मध्ये ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. आरंभी बाळाच्या गरजांशी जवळजवळ पूर्णपणे एकरूप झालेली आई, त्याची सोसण्याची शक्ती वाढेल तसतशी, थोडी थोडी मागे सरते, कधी चुकते, कधी उशीर करते, आणि त्या उणिवांतूनच मुलाला बाहेरच्या जगाची ओळख पटते, असे त्याचे म्हणणे. बाळाला जी हवी ती हीच, उशिरा येणारी, थकलेली, ऊब असलेली आई. चित्रातली निर्दोष आई त्याच्या काय उपयोगाची?

आपल्या बायांना हे ठाऊक नव्हते असे नाही. हेमा राईरकर व गी पॉयतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरते, आणि त्या पाहिल्या की लेकराचे कौतुक आणि जिवाचा शीण एकाच तोंडून, एकाच पहाटे, कोणाच्या पसंतीची वाट न पाहता निघाल्याचे प्रत्ययास येते. समोर होते ते जाते, आणि दुसऱ्या बाजूने खुंटा धरलेली एखादी जाऊ किंवा नणंद.

मात्र एका प्रकारची तुलना मी या सर्वांतून वगळतो. शिराळा तालुक्यातील कितीएक घरांचे कर्ते पुरुष माथाडीच्या वा अन्य कामासाठी मुंबईस राहत आले. मागे राहिलेल्या आईने शेत, जनावरे, म्हातारी माणसे आणि मूल हे सारे एकटीने सांभाळायचे. दुसरीच्या बाळंतपणात पती शेजारी उभा असल्याचे, दुसरीच्या तापलेल्या मुलाला घटकाभरात डॉक्टर मिळाल्याचे पाहून तिच्या पोटात कालवले, तर त्यास मान म्हणता येत नाही. ती तिची कैफियत आहे, आणि तिला मैत्रीभावनेचा उपदेश करणे म्हणजे तक्रार न ऐकताच दावा निकाली काढणे होय. तिच्या घरच्यांनी रात्रीची एक पाळी आपल्याकडे घ्यावी. दुर्गम वाडीवरील उपकेंद्रात औषध आणि परिचारिका वेळेवर असावी, याची तजवीज सरकारने करावी.