वाघोलीच्या फ्लॅटसाठी वावर काढण्याआधी

चि. संकेत यास,


खराडीत नोकरी लागली, फार आनंद झाला. पण त्याच फोनवर दादा म्हणाला, मुदखेडचं विहिरीचं वावर काढतो आणि संकेतला वाघोलीत फ्लॅट घेऊन देतो. वावर वडिलोपार्जित आहे. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं लेकींचाही त्यात हिस्सा आला, म्हणजे सही माझीही लागणार. तेव्हा आधी माझं ऐक.

जाहिरातवाले वाघोलीला ‘खराडी अ‍ॅनेक्स’ म्हणतात. नकाशात जवळच दिसतं. रविवारी सकाळी बिल्डरच्या गाडीतून पाहिलंस तर रस्त्यावरही जवळच वाटेल. तू बुधवारी संध्याकाळी ऑफिसं सुटताना दुचाकीवर नगर रोडनं ये, पावसात आलास तर आणखी बरं.

पाण्याचं मात्र नीट वाच. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर बातमी झाली. तो दुष्काळ होता, पाऊस झाला आणि गाडी थांबली. इथं खडकवासला भरून वाहत असतानाही सोसायट्यांच्या दारात टँकर उभे असतात, त्याची कुणाला बातमी वाटत नाही. वाघोली 2021 च्या जूनअखेर पुणे महापालिकेत आली. इमारती त्याच्या कितीतरी आधी उठल्या होत्या. आधी माणसं राहायला आली, नळाचं अजून चाललंय. म्हणून बिल्डरला स्विमिंग पुलाचं विचारू नकोस. पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी पुरवायचं हमीपत्र दिलंय का, ते माग. सोसायटी ताब्यात दिल्यावर टँकरचं बिल कुणाच्या माथी, ते त्यात शोध. शेजारच्या जुन्या सोसायटीत मे महिन्याचा मेंटेनन्स किती येतो, तेही विचार. वॉचमन सेल्सवाल्यापेक्षा खरं सांगतो.

कागदांचं थोडक्यात: महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून ताब्याची तारीख बघ. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांच्या वर पैसे घ्यायला बिल्डरला कायद्यानं मनाई आहे. इमारत तयार असेल तर भोगवटा पत्र डोळ्यांनी बघ, “येतंच आहे” यावर चावी घेऊ नकोस.

वहिनी म्हणतील, मुलीकडचे आधी पुण्यात फ्लॅट आहे का तेच विचारतात. विचारतात, खरं आहे. हप्ता किती, हेही विचारतात.

माझं मत, वर्षभर भाड्यानं राहा. आयटीत कंपनी बदलायला वेळ लागत नाही. उद्या हिंजवडीला गेलास तर वाघोली पार दुसऱ्या टोकाला. आणि त्या वावरात गुलाब, काकडा, गलांडा निघतो, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं. दादाचे गुडघे आता चालत नाहीत, कळतं मला. वावर बटईनं लावू. पण ती विहीर विकून टँकरच्या पाण्याचं घर घ्यायला मी सही करणार नाही.

पहिला महिना माझ्याकडेच राहा, मागची खोली रिकामी आहे. अंथरूण आणू नकोस, वहिनींच्या हातचं लोणचं आण. आणि दादाला सांग, तोवर कुणाचाही इसार घेऊ नको म्हणावं.

तुझी,
आत्या