दम तुटला की तोडला?

ऑक्टोबर २०२५ मध्ये आशियाई युवा क्रीडा स्पर्धा आमच्या इथे बहरीनला झाल्या. मुलांच्या कबड्डीत भारताने अंतिम सामन्यात इराणला ३५-३२ असं हरवलं, तेव्हा इथल्या आम्हा मराठी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मीही मारल्या. पण सामनाभर माझं लक्ष खेळाडूंपेक्षा पंचांच्या शिट्टीकडेच होतं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण होती त्याच्या दोन वर्षं आधीची एक गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, सलमाबादजवळ मोकळ्या जागेत फक्की मारून आखलेलं मैदान, आणि मी सरपंच, म्हणजे मुख्य पंच. चढाईला आला कामगार कॅम्पवरचा एक मुलगा, सांगलीकडचा, आठवडाभर शटरिंगचं काम करून आलेला. उजव्या कोपऱ्याने त्याचा घोटा धरला. ती पकड अजून डोळ्यांसमोर आहे: डोकं बाहेरच्या बाजूला, गुडघा वाळूत, दोन्ही हात एकमेकांत अडकवलेले. मग साखळीतला दुसरा कमरेला भिडला. तिसऱ्याचा हात छातीवर पडला आणि सरकत गळ्यावर गेला. मुलगा स्वतःला मध्यरेषेकडे खेचत होता. कबड्डी, कबड्डी... आवाज घोगरा झाला, मग थांबला. मी शिट्टी मारली. दम तुटला, चढाईपटू बाद.

नियम मला पाठ आहे. पकड हातापायांना किंवा धडाला. तोंड दाबून किंवा गळा आवळून दम तोडला, तर चढाईपटू बाद होत नाही. मी हा नियम नव्या पंचांना शिकवलेला आहे.

बराच काळ मी स्वतःला सांगत राहिलो की मी उभा होतो तिथून हात नीट दिसला नाही. हे खोटं आहे. हात दिसला होता. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, भारत-इराण कबड्डीच्या अंतिम सामन्यात २८-२८ असताना मैदानाच्या कडेच्या लॉबीत शिरलेल्या खेळाडूंवरून खेळ थांबला, तेव्हा जुना नियम लावायचा की नवा, असा तरी प्रश्न होता. माझ्यापुढे तसलं काही नव्हतं. बचाव करणारा संघ ज्यांचा, त्यांच्याच गाडीतून मी मैदानावर आलो होतो आणि त्यांच्याच गाडीतून परत जाणार होतो. एवढंच कारण. कुणी पैसे दिले नव्हते, कुणी शब्दही टाकला नव्हता. परतीच्या अर्ध्या तासात गाडीत तोंड फिरवून बसलेली माणसं मला नको होती.

माझा यॉर्कशायरचा एक सहकारी रग्बी लीगचा वेडा आहे. त्याच्यासोबत टीव्हीवर सामने बघताना मला माझीच चूक दिसायला लागली. तिथे पकडलेला खेळाडू उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे जातो. १९०६ पासूनची ही पद्धत. सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. खेळ संथ व्हावा म्हणून बचाव करणारे तिघे-तिघे अंगावर पडून राहतात, पकडलेल्याला उठायला उशीर लावतात. त्याने किती वेळ दबून राहायचं, हे रेफ्रीच्या हातात. पण रेफ्री थेट शिट्टी मारत नाही, आधी बोलतो. हात काढ, बाजूला हो, उठू दे त्याला. शिक्षा नंतर.

मला वाटत होतं की माझी चूक शिट्टीत आहे. आता कळतं, ती शिट्टीच्या आधीच्या एक-दोन सेकंदांत आहे. हात छातीवरून वर सरकत होता तेव्हा मी ‘गळा सोड!’ एवढं ओरडलो असतो, तर निर्णयाची वेळच आली नसती आणि त्या मुलाला श्वास मिळाला असता. सामन्याचं नंतर बघता आलं असतं. मानेवरचा हात म्हणजे गुणांचा हिशेब नव्हे, हे कळायला नियमपुस्तक लागत नाही.

त्या दिवशी सामना संपल्यावर तो मुलगा माझ्याजवळ आला. मला वाटलं, भांडेल. त्याने गळा चोळत विचारलं, “सर, पाणी आहे का?” मी बाटली दिली. त्याने ती वरून धरून, तोंड न लावता प्यायली आणि झाकण लावून परत केली. मी मान खाली घालून गुणपत्रिका भरत राहिलो. त्याच्या नावापुढे बाद असं लिहिलेलं माझंच अक्षर आहे.

आता मी सामन्याला बसने जातो. त्या मुलाला अजून शोधलेलं नाही. तो कॅम्प कुठे आहे, ते मला माहीत आहे.