पुरते ना?

गेल्या जूनमधली गोष्ट. माझ्या पुतण्याची मुलगी धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल व्हायची होती, आणि तिच्या वसतिगृहाच्या सामानाची यादी आमच्या ओसरीवर चालली होती. गादी, चादर, बादली, ताट-वाटी, कुलूप, टेबलावरचा दिवा. एकेक वस्तू ती कागदावर लिहीत होती आणि समोर किंमत मांडीत होती. मी झोपाळ्यावर बसून पाहत होतो. यादी पुरी झाल्यावर बापाने विचारले, "किती लागतील गं ताई?" मुलीने क्षणभर कागदाकडे पाहिले, गादीवर हळूच रेघ ओढली आणि म्हणाली, "साडेतीन हजारांत भागेल, पप्पा." बापाने नोटा मोजून तिच्या हाती ठेवल्या. "आणखी लागले तर सांग. पैशांची काही अडचण नाही." त्या नोटा त्याने आदल्या दिवशी कोणाकडून उसन्या आणल्या होत्या, हे मला ठाऊक होते.

मिनिटाभरात दोन असत्ये बोलली गेली, आणि दोघेही मोठ्या समाधानाने उठले. २०२४ पासून सरकारने ठरावीक उत्पन्नाच्या आतील घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. पण फी माफ झाली म्हणून गादी आणि दोन वेळचे जेवण माफ होत नाही. गरिबाचा हिशेब फीच्या पावतीपाशी संपत नाही. तो तेथून सुरू होतो. आणि या हिशेबात पैशांइतकेच खोटे बोलावे लागते. ते बोलावे की न बोलावे, हा प्रश्न मला पन्नास वर्षे छळीत आला आहे.

मी स्वतः वसतिगृहात गेलो तो १९७२ च्या जूनमध्ये. आमचे गाव पारोळ्याकडचे. पत्र्याची पेटी, गोधडीची वळकटी आणि पितळी तांब्या एवढा संसार घेऊन मी एस.टी.ने जळगावला उतरलो. महिन्याकाठी ६० रुपये पाठवीन, असे वडिलांनी कबूल केले होते. खाणावळीचे दोन वेळचे ४५ जात. उरलेल्या पंधरांत वह्या, साबण आणि सारे काही. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की माझ्या वयाच्या माणसाला अजून तो लाल मिलो आठवतो आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा आठवतात. सप्टेंबरपासून घरची मनिऑर्डर चाळीस रुपयांची येऊ लागली. मी खाणावळीत सकाळचे एकच जेवण ठेवले आणि घरी पत्र लिहिले, 'येथे सर्व ठीक आहे. पैसे पुरतात.'

आईला लिहिता येत नव्हते. शाळेच्या मास्तरांकडून ती पत्र लिहवून घेई. तिच्या पत्रात दर वेळी एक वाक्य ठरलेले असे, 'आमची काळजी करू नको, घरी सर्व ठीक आहे.' आणि शेवटी मास्तरांनी तिचेच शब्द जसेच्या तसे उतरवलेले असत, 'पोटभर जेवस ना रे भाऊ?'

माझा खोलीसोबती रावेरकडचा, केळीच्या बागाइतीतला. त्याचा डबा रोज संध्याकाळी गावच्या एस.टी.ने येई. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, कधी शेवेची भाजी. मी रात्री जेवायला जात नाही, हे त्याने चौथ्या-पाचव्या दिवशीच ओळखले असावे. पण तो त्याविषयी एक शब्द बोलला नाही. डबा उघडायचा आणि कुरकुरायचा, "आमची माय दोघांचा डबा देते. टाकून दिले तर पाप लागेल. ये रे, हात लाव." मी हात लावीत असे. त्याने घरी पत्र लिहून भाकऱ्या वाढवून मागितल्या होत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

जानेवारीत कॉलेजचे स्नेहसंमेलन झाले. सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे. मलाही मोह झाला. त्या महिन्याच्या चाळिसांतून पंधरा रुपये काढून मी एक पँट शिवली. घरी सर्व ठीक आहे, असे आईने लिहिलेच होते की!

मार्चच्या आरंभी महाशिवरात्रीला मी न कळवता गावी गेलो. घराला कडी होती. शेजारणीने बोट दाखवले तसा पारोळ्याच्या रस्त्याने चालत गेलो. रस्त्याच्या कडेला आई खडी फोडीत बसली होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी तिच्या हातांकडे पाहिले आणि तिने माझ्या गालफडांकडे. आम्ही दोघेही एकाच क्षणी पकडले गेलो. माझ्या अंगात ती नवी पँट होती. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "काबरं सांगं नही रे भाऊ मले? मले परकं करी टाकं." मला का नाही सांगितलेस? मला परकी करून टाकलीस.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९७ साली एक निबंध लिहिला. मारेकरी दाराशी येऊन तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला, तरी त्याच्याशीही खोटे बोलू नये, असे त्यात त्याचे म्हणणे आहे. आपल्याकडे अश्वत्थाम्याविषयी अर्धे सत्य बोललेल्या धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला. दोन्ही ठिकाणी तराजू एकच आहे. पण या तराजूत माझ्या आईचे पत्र घालायला माझा हात धजत नाही. ती खरे बोलली असती तर मी कॉलेज सोडून तिच्या शेजारी घण घेऊन बसलो असतो, यात शंका नाही. तिच्या खोट्यावर माझी पदवी उभी आहे. मग ते खोटे पुण्यच नव्हे का?

पुष्कळ दिवस मी तसेच मानीत होतो. गरिबीतल्या अशा खोटेपणाचे आपण कौतुकही फार करतो. पण त्या पँटचा प्रश्न मला सुटेना. मी वाईट मुलगा नव्हतो. आईचे हात मला ठाऊक असते तर मी ते पंधरा रुपये खर्चिले नसते. तिने माझे मन दुखू नये म्हणून सत्य झाकले, आणि त्या झाकलेल्या सत्यावर मी नकळत पाय ठेवून चाललो. उलट माझी भूक तिला ठाऊक असती, तर पारोळ्याहून येणाऱ्या एस.टी.ने चार भाकऱ्या पाठवणे तिला अशक्य नव्हते. प्रेमाने बोललेले खोटे दुसऱ्याचे दुःख वाचवते खरे. पण त्या दुःखात आपला वाटा उचलण्याचा त्याचा हक्कही ते काढून घेते. आईच्या 'परकं' या शब्दाचा अर्थ मला असा लागला.

मग खोलीसोबत्याचे खोटे? तेही खोटेच होते. पण त्याने माझ्यापासून माझी स्थिती लपवली नव्हती. लपवला होता तो स्वतःचा उपकार. शिवाय डबा दोघांचा येत नाही, हे मला मनातून कळत होते, आणि मला कळते हे त्यालाही कळत होते. जे दोघांनाही ठाऊक आहे ते खोटे कोणाला फसवीत नाही. त्याला खोटे म्हणण्यापेक्षा रीत म्हणावे. लाजणाऱ्या माणसाला जेवू घालण्याची ती एक जुनी रीत आहे.

आमच्या खानदेशात या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. १९२४ साली साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे तेथल्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, अव्यवस्थित सामान नीट लावून ठेवीत. जो माणूस मुलाची गोधडी आपल्या हाताने घडी घालतो, त्याच्यापासून ती गोधडी फाटली आहे हे लपवता येत नाही. त्याच वर्षी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह उघडले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वतः राबत आणि शिकत. मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, विकले. या घरांतून गरिबी कमी नव्हती. पण ती सर्वांची होती आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. म्हणून 'पुरते' असे खोटे सांगण्याची पाळी कोणावर येत नव्हती. आपण खोटे बोलतो ते गरिबीपायी कमी, आणि गरिबीत एकटे पडण्याच्या भीतीपायी अधिक.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. १९९० साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात आजही गावोगावची मुले पेट्या घेऊन येतात, आणि त्यांच्या पदवीपत्रावर लिहिता-वाचता न येणाऱ्या एका शेतकरी बाईचे नाव असते. ते वाचताना मला मास्तरांकडून लिहवून घेतलेली आईची पत्रे आठवतात.

तर, त्या जूनच्या दुपारी मी झोपाळ्यावरून उठलो आणि बाप-लेकीला पुन्हा खाली बसवले. "एक वही आण," मी मुलीला म्हणालो. "डाव्या बाजूला तुला काय लागते ते लिही, गादीसकट. उजव्या बाजूला तुझा बाप लिहील, पैसे कोठून आले ते." पुतण्या म्हणाला, "काका, पोरीला हे कशाला?" मी म्हटले, "तिच्यावर विश्वास असेल तर लिही." बऱ्याच वेळाने त्याने लिहिले. उसनवारीचा आकडा पाहून मुलीचे डोळे भरून आले. पण ती 'मी जात नाही' असे म्हणाली नाही. तेवढी भीती मला होती. आईलाही तीच असावी. तिने डोळे पुसले आणि वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या अर्जाला कोणकोणते दाखले लागतात, त्याची चौकशी सुरू केली. गादी माझ्या माळ्यावर होती. पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली. बादली आणि दिवा शेजारच्या घरातून मिळाला, तेथली मुलगी त्याच वर्षी शिक्षण पुरे करून आली होती.

आईने मला सत्य सांगायला हवे होते, असे मी आज ठामपणे म्हणेन का? नाही. तिच्यापुढे विश्वास ठेवण्याजोगा माणूस होता तो अठरा वर्षांचा, एकलकोंडा आणि मानी. मी अगोदर खरे लिहिले असते, तर कदाचित तिलाही खरे सांगण्याचे धैर्य आले असते. सुरुवात मी करायला हवी होती. एवढे मात्र मी आता निश्चित मानतो.

परवा धुळ्याहून फोन आला. दिवाळीला कधी येतेस म्हणून विचारले, आणि सवयीने पुढचेही विचारून गेलो, "पैसे पुरतात ना गं?"

"नाही पुरत, आजोबा," ती म्हणाली. "या महिन्यात दोनशे कमी पडले. पप्पांना सांगितलंय."

फोन ठेवला आणि आईच्या फोटोपुढे पणती लावली. दिवाळीला अजून आठ दिवस अवकाश होता.