ठळक रेघांचं सांगणं

चि. सौ. भाचीस,


काल फोनवर तू हळू आवाजात म्हणालीस, "मावशी, मळमळ एकदम थांबलीय, थोडे डागही लागले. पण पट्टीवर दोन्ही रेघा ठळक आहेत, म्हणजे ठीकच ना?" मला लगेच बोलता आलं नाही. 1993 साली मीही असंच समजून बसले होते. अडीच महिने झाले होते, लघवीची तपासणी पॉझिटिव्ह होती. सोनोग्राफीत कळलं, वाढ सातव्या आठवड्यातच थांबलेली. तीन आठवडे मी पोटावर हात ठेवून ज्याच्याशी बोलत होते, ते नव्हतंच.

पट्टी ओळखते ते एचसीजी हे संप्रेरक. ते वारेच्या पेशी तयार करतात. बाळाचे ठोके थांबले तरी त्या पेशी काही काळ काम करत राहतात. गर्भ पडून गेल्यावरही एचसीजी अंगातून उतरायला कित्येक आठवडे लागू शकतात. आणि पाणी जास्त प्यायलं की चांगल्या गरोदरपणातही रेघ फिकट येते. तेव्हा रोज नवी पट्टी आणू नकोस गं.

उद्याच जा आणि आतून सोनोग्राफी करून घे. गर्भ 7 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असून ठोके नाहीत, किंवा पिशवी सरासरी 25 मिलिमीटर होऊनही आत गर्भ नाही, तरच पहिल्या तपासणीत निदान पक्कं. त्याहून लहान असेल तर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा बघतात, कारण तुझी पाळी उशिरा येते, दिवस मोजण्यात चूक असू शकते. ते दिवस फार जड जातात, मला माहीत आहे. पण तोवर गर्भाशय रिकामं करायची गोळी कुणी दिली तरी घेऊ नकोस. सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही तर रक्तातलं बीटा एचसीजी 48 तासांच्या अंतराने दोनदा करतात. एका आकड्यावरून काही ठरत नाही.

एका कुशीत कळ आली, खांदा दुखला, चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नकोस. गर्भ नळीत असू शकतो. तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे, तेही डॉक्टरांना आधीच सांग.

आणि पपई, जिना, स्कूटर यांमुळे काही झालं असेल, हे मनातून काढ. इतक्या लवकर वाढ थांबते तेव्हा बहुतेकदा गुणसूत्रांतच चूक असते.

मी गुरुवारी सकाळच्या एसटीने येते. तुझ्या सासूबाईंशी मी बोलते.

तुझी,
मावशी