परक्या श्रेयाचा भार

एखाद्या कामासाठी मुख्याध्यापक सर्वांसमोर आपली पाठ थोपटतात, पण ते काम प्रत्यक्षात दुसऱ्याच कुणी केलेलं असतं. अशा वेळी गप्प राहणं सोपं असतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बालपणाची एक आठवण सांगितली जाते. गणितं बरोबर आली म्हणून गुरुजींनी शाबासकी दिली, तर छोट्या गोपाळला रडूच कोसळलं. ती गणितं त्याने मित्राच्या मदतीने सोडवली होती.

श्रेयाची दुसरी बाजू, म्हणजे स्वतःचं श्रेय सोडणं, लखनौत दिसते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 साली तिथे संगीत महाविद्यालय उभं राहिलं. नाव मात्र मिळालं गव्हर्नर मॅरिस यांचं. स्वतःचा ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथही पंडितजींनी ‘चतुरपंडित’ या टोपणनावाने लिहिला होता. महाविद्यालयाला भातखंड्यांचं नाव लाभलं 1966 साली, त्यांच्या निधनानंतर तीस वर्षांनी.

आपलं श्रेय सोडता येणं हा मनाचा मोठेपणा. दुसऱ्याचं श्रेय त्याला परत देणं हे मात्र साधं कर्तव्य, आणि ते लगेच करायचं असतं. आज चुकून असं कौतुक वाट्याला आलं, तर त्याच जागी, त्याच माणसांसमोर खऱ्या कर्त्याचं नाव घेऊया.